पिलांची ऊब

खुडूक कोंबडी पंखांखाली पिलांना जे देते, ते अंगणातील ऊबपेटीत माणसाला पुरवावे लागते. नवजात पिलाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःची ऊब राखण्याचे सामर्थ्य त्याला अद्याप आलेले नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात व पुढे दर आठवड्यास ते सुमारे ३ अंशांनी उतरवितात.

हा हिशेब हवा मात्र पाळीत नाही. दख्खनच्या पठारावर माघात दुपारी ऊन चटकते आणि पहाटे गारठा झोंबतो. अशा वेळी तापमापकाइतकेच पिलांचे वर्तनही पाहावे. दिव्याखाली ती दाटीने चिवचिवत असली, तर त्यांना थंडी वाजते आहे; अशा दाटीत खालची पिले गुदमरून मरतात. चोच उघडी टाकून ती कडेला सरली, तर उष्मा झाला आहे. सर्वत्र विखरून खाणारी-पिणारी पिले सुखी समजावीत.

थंडीच्या भयाने पेटी चोहोबाजूंनी गोणपाटाने बंद करणे मात्र घातक होय. कोंडलेल्या हवेत ओल व अमोनिया साचतो; आत कोळशाची शेगडी असल्यास तिच्या विषारी वायूने एका रात्रीत सारी पिले दगावू शकतात. गोणपाट वाऱ्याच्या बाजूस लावावे, वरची फट मोकळी ठेवावी. पावसाने भिजलेले तूस त्याच दिवशी बदलावे. कारण रक्ती हगवणीचा रोग ओलीतच बळावतो.

पिसे भरली, की पाच-सहा आठवड्यांनी ही राखण संपते. तोवर पहाटेची एक फेरी चुकवू नये.