झिजलेला दट्ट्या काय सांगतो?

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याने गोव्याकडे निघाले म्हणजे वाटेत जांबोटी लागते. भाताची शेते, दाट रान आणि लांबलेला पावसाळा यांच्या या मुलखात झाड कोसळून वीज गेली, की ऑईल एंजिनाची आठवण होते. नेमके त्याच वेळी ते निळा धूर ओकू लागले आणि वंगणाचे तेल पिऊ लागले, तर मालक बहुधा एवढेच सांगतो, "रिंगा बदलून टाका." नव्या रिंगांनी धूर काही काळ थांबतोही, परंतु झिजेचे कारण तसेच राहिले, तर पुढच्या हंगामात तोच खर्च पुन्हा दारी उभा राहतो.

मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या एंजिनात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, दर सेकंदाला ५० वेळा थांबून दिशा पालटतो. वरच्या टोकाला उष्णता व दाब सर्वांत अधिक, आणि वंगण सर्वांत कमी. म्हणून सिलिंडर तेथेच जास्त झिजतो आणि त्या जागेच्या वर न झिजलेली कड बोटाला लागते. ती कड तशीच ठेवून नवी रिंग चढविली, तर ती कडेवर आदळून मोडण्याचा संभव असतो.

पिस्टन बाहेर काढल्यावर तो घासून लख्ख करण्याची घाई करू नये. आधी त्यावरच्या खुणा वाचाव्यात. उभे, बारीक, करडे ओरखडे सर्वत्र दिसले, तर हवेच्या गाळणीतून धूळ आत शिरली असे समजावे. एका बाजूला वर व दुसऱ्या बाजूला खाली, असा तिरपा घासल्याचा पट्टा दिसला, तर कनेक्टिंग रॉड वाकल्याचा संशय घ्यावा. धातू ओरबाडून निघाला असेल, तर तेल किंवा थंड करणारे पाणी कमी पडले काय, हे पाहावे. बेअरिंगमध्ये कण रुतून रेघा उमटल्या असतील, तर दोष बहुधा मळक्या तेलाचा.

त्यानंतर मापे घ्यावीत. पिस्टनचा व्यास खालच्या भागात, पिनेशी काटकोन करून मायक्रोमीटरने मोजतात. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टननेच सरळ सारून तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने पाहतात. १०० मिलिमीटर व्यासाला ही फट साधारणतः ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. तथापि कारखान्याच्या पुस्तकातील आकडाच अखेरचा मानावा. रॉड आणि त्याची टोपी यांवरील खुणा जुळवूनच जोडणी करावी. एका रॉडची टोपी दुसऱ्याला लावू नये. ताणलेला बोल्ट तर पुन्हा वापरूच नये. तो तुटला की सुटलेला रॉड एंजिनाची पेटी फोडून बाहेर येतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानातून झाला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ साली त्याच घराण्याच्या ऑईल एंजिनांच्या कंपनीची स्थापना झाली. अशा परंपरेच्या परिसरात मापे घेणारा कुशल कारागीर शोधणे कठीण नाही. त्याच्याकडे जाताना मालकाने नव्या भागाची किंमत विचारण्याआधी, जुना भाग का झिजला, हे विचारावे. कधी कधी त्याचे उत्तर केवळ एक स्वच्छ गाळणी एवढेच असते.