सरडा खोटं बोलत नाही

माणसाचा स्वभाव एका शब्दात सांगायचा झाला की आपल्या तोंडी पटकन जनावर येतं. पक्ष बदलणारा पुढारी सरडा, साहेबापुढे मान डोलावणारा नंदीबैल, गुपचूप आपलं साधून घेणारा गोगलगाय, आणि गाढव तर घरोघरी ऐकू येतं. ही सवय जुनी आहे आणि जगभरची आहे. पंचतंत्रात करटक आणि दमनक हे कोल्हे दरबारी राजकारण खेळतात. इटलीत जाम्बात्तिस्ता देला पोर्ता या विद्वानाने १५८६ साली यावर ग्रंथच छापला. माणसांचे आणि जनावरांचे चेहरे त्यात शेजारी शेजारी काढले होते. ज्याचा चेहरा मेंढीसारखा त्याचा स्वभावही मेंढीचा, असा त्याचा सिद्धांत. तो केव्हाच मोडीत निघाला. पण प्रत्येक जातीच्या प्राण्याला एकच ठरावीक स्वभाव असतो, हे त्यामागचं गृहीतक आपल्या बोलण्यात अजून शाबूत आहे. त्याची झळ प्राण्यांनाही बसते, म्हणून ते तपासून पाहायला हवं.

सगळ्यांत मोठा अन्याय सरड्यावर झाला आहे. उन्हाळा सरत आला की कुंपणावर, बाभळीच्या बुंध्यावर आपला नेहमीचा सरडा बसलेला दिसतो. एरवी मातकट. विणीच्या हंगामात मात्र नराचा गळा आणि डोकं लालभडक होतं, गळ्याच्या बाजूला काळे डाग उठतात, आणि पुढच्या पायांवर भार देऊन तो तालमीत जोर काढल्यासारखा वरखाली होऊ लागतो. समोर कुठेतरी दुसरा नर असतो किंवा मादी. लपायचंच असतं तर एवढा भडक रंग त्याने कशाला घेतला असता? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या खडकांवर राहणाऱ्या सरड्यांचा अभ्यास केला, तेव्हा नर मादीपुढे एक रंगसंगती धारण करतो आणि प्रतिस्पर्ध्यापुढे दुसरी, असं दिसलं.

रंगबदलात सगळ्यांत तरबेज असलेल्या शॅमेलिऑनचीही हीच कथा. त्याच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परततो; कातडीतल्या पिवळ्या रंगद्रव्यात मिसळून तो हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश बाहेर पडतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या एका जातीत हे २०१५ साली दाखवून दिलं. त्याआधी, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या ॲरिझोनात नरांच्या झुंजी चित्रित करून तपासल्या गेल्या. ज्याच्या डोक्यावरचे रंग अधिक झळाळते आणि ज्यांच्या बदलाचा वेग जास्त, तो नर जिंकण्याची शक्यता जास्त, असं आढळलं. हार मानणारा नर काळपट पडतो. म्हणजे सरडा रंग बदलतो तो मनातलं दडवण्यासाठी नाही, तर कातडीवर मांडण्यासाठी. दगाबाज माणसाला त्याचं नाव देणं सपशेल चुकीचं आहे.

दुसरी चूक याहून खोल आहे. एका जातीचे सगळे प्राणी एकाच स्वभावाचे, हेही खरं नाही. कॅलिफोर्नियात बर्कली इथे ठिपकेवाल्या तरसांचा एक कळप पाळलेला होता. सॅम्युएल गॉस्लिंग या मानसशास्त्रज्ञाने त्यातल्या ३४ तरसांचं ४४ गुणांवर मूल्यमापन करून घेतलं. ते करणारी चारही माणसं त्या तरसांना रोज बघणारी. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसांच्या स्वभावाबद्दल परिचितांची मतं जितकी जुळतात, साधारण तितकीच या चौघांची जुळली होती. एखादा तरस धिटाईचा, एखादा चटकन बिथरणारा, एखादा भारी चौकस. मग ‘तरसासारखा माणूस’ म्हणताना यातला कोणता तरस धरायचा?

नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्यावर असंच काम झालं. पाच कृत्रिम झाडं उभी केलेल्या अनोळखी खोलीत पक्षी सोडायचा आणि तो किती लवकर झाडामागून झाड धुंडाळतो ते मोजायचं. काही भराभर फिरतात, काही एका फांदीवर बसून अंदाज घेतात, आणि हा स्वभाव काही अंशी पिलांतही उतरतो. एखाद्या वर्षी धाडसी पक्षी जास्त तगतात, दुसऱ्या वर्षी सावध. हिवाळ्यात अन्न किती मिळतं यावर ते अवलंबून असतं. एकच स्वभाव कायम सरस ठरत नाही, म्हणून दोन्ही टिकून राहतात.

आता गाढव. त्याचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेच्या रखरखीत मुलखातले रानगाढव. तिथे चारा विरळ, त्यामुळे मोठे कळप नाहीत. कळपाने राहणारा घोडा भ्यायला की उधळतो. गाढव बहुतेक वेळा जागीच थांबतं, कान रोखतं, समोरचं निरखतं. याच थबकण्याला आपण हट्टीपणा म्हणतो, मूर्खपणा म्हणतो आणि काठी उचलतो. मार बसला की भीती आणखी वाढते आणि पाय आणखी रोवले जातात.

जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात आजही गाढवांचे दात बघून भाव ठरतो, पण जनावरं आता थोडीच उरली आहेत. देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजार. जी उरली आहेत त्यांच्यासाठी एवढं करा. वीटभट्टीच्या वाटेवर गाढव अडलेलं दिसलं, तर काठी उचलणाऱ्याला क्षणभर थांबवा. समोर फडफडणारी ताडपत्री असेल, पाण्याचा ओहळ असेल. तो अडथळा दूर करा, नाहीतर गाढवाला वास घेऊ द्या, बघू द्या. ओझ्याखालची पाठही तपासा. गाढव दुखणं सहजी दाखवत नाही, आणि कित्येकदा ते अडतं ते जखमेमुळे.