धातू, पेशी आणि एका संशोधकाची चिकाटी

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, झाडांच्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते, तर ब-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट असते. सजीवांच्या शरीरात हे धातू कोणते कार्य करतात, याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे जैव-असेंद्रिय रसायनशास्त्र होय.

या शास्त्राच्या उभारणीत अमेरिकेतील स्टीफन लिपर्ड यांचा वाटा मोठा आहे. १९४० साली पिट्सबर्ग येथे जन्मलेल्या लिपर्ड यांनी १९६५ साली एमआयटी या संस्थेतून पीएच.डी. मिळविली आणि १९६६ पासून ते कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जेथे शिकले, तेच हे विद्यापीठ. १९८३ साली लिपर्ड एमआयटीत परतले.

सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता. जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना बार्नेट रोझेनबर्ग यांना आढळले, की जिवाणू लांबत जातात, पण त्यांचे विभाजन थांबते. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. कारण वीज नव्हती, तर प्रयोगातील प्लॅटिनमच्या पट्ट्यांपासून तयार झालेली संयुगे होती. १९७८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

औषधाचा गुण येतो, एवढ्यावर लिपर्ड यांचे समाधान झाले नाही. गुण का येतो, हा त्यांचा प्रश्न होता. १९८५ आणि १९९५ साली त्यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने याचे चित्रच समोर ठेवले. प्लॅटिनमचा अणू डीएनएमधील शेजारच्या दोन ग्वानीन घटकांना जोडला जातो व तेथे डीएनएचा पीळ वाकतो. पेशीच्या कामात अडथळा येतो; दुरुस्ती न झाल्यास पेशी मरते. ट्रान्सप्लॅटिनमध्ये अणू तेच, पण मांडणी वेगळी. त्याला असे शेजारचे दोन घटक जोडता येत नाहीत, म्हणून ते औषध ठरले नाही.

सुमारे ९०० शोधनिबंध आणि शंभरहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी, असा या कारकिर्दीचा पसारा आहे. २०१४ साली त्यांना प्रीस्टली पदक मिळाले.

कारणाशिवाय कार्य नाही, आणि तपासल्याशिवाय काही स्वीकारू नये, ही तथागतांची शिकवण आपण वंदनेनंतर ऐकतो. प्रयोगशाळेतही तीच वाट चालावी लागते. आपल्या मुलामुलींनी विज्ञानशाखेत केवळ गुणांसाठी जाऊ नये, ‘असे का?’ हा प्रश्न सोबत घेऊन जावे, आणि उत्तराला वीस वर्षे लागली तरी तो सोडू नये.