काथ्या, स्प्रिंग आणि फोम: जुन्या मोटारीच्या सीटची गोष्ट

खेड तालुक्यातल्या महाळुंग्याभोवती (बालेवाडीलगतचे महाळुंगे वेगळे) चाकणचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली इथे सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझही चाकणला आली. अशा कारखान्यांतून निघणाऱ्या आजच्या मोटारींच्या सीटमधली गादी साच्यात ओतून तयार होते. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन रसायने कोमट साच्यात एकत्र पडतात. मिश्रणातले थोडेसे पाणी आयसोसायनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते, त्या वायूने रस फुगतो आणि काही मिनिटांत गादी बाहेर येते. पण ती लगेच रुळांखाली दाबावी लागते. आतल्या बंद पोकळ्या फुटल्या नाहीत, तर थंड होताना वायू आकसतो आणि नवीकोरी गादी सुरकुतून जाते! या पॉलियुरेथेनचा पाया ओट्टो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत घातला.

जुन्या मोटारीचे तसे नाही. चाकणला येण्यापूर्वी, १९९५ पासून, मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीतल्या कारखान्यात जुळवली जाई. या जर्मन गाडीच्या सीटमध्ये पोलादी स्प्रिंगा आणि त्यांवर रबराच्या चिकाने बांधलेल्या तंतूंची गादी असे. या तंतूंत नारळाचा काथ्याही आला. तंतूंमधून हवा खेळते, त्यामुळे लांबच्या प्रवासात पाठ घामेजत नाही. आमच्या मते फोमला हे अजून नीट जमलेले नाही. वर्षे गेली की रबर कडक होते आणि तपकिरी भुसा गाडीत सांडू लागतो. फोमही उष्णता, दमट हवा आणि प्राणवायू यांनी आतून तुटत जातो. बोटाने दाबला तर खड्डा तसाच राहतो.

पिंपरीतूनच १९९१ साली बाहेर पडलेल्या टाटा सिएरासारख्या गाडीसाठी ओतीव गादी आता सहसा मिळत नाही. मग कुशनवाला ती हाताने घडवतो. कव्हर हॉग रिंगांनी, म्हणजे पक्कडीने मिटवलेल्या तारेच्या कड्यांनी, आतल्या सळ्यांना बांधलेले असते. कड्या तोडून कव्हर काढायचे, शिवण उसवायची, प्रत्येक तुकड्यावर खूण करायची. हे फाटके तुकडेच नव्या कव्हरचे फर्मे, म्हणून ते आधीच फेकून देणे हा अडाणीपणा. नंतर सांगाड्याचा गंज खरवडतात आणि मोडक्या स्प्रिंगा बदलतात. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये गोणपाटाचा किंवा जाड नमद्याचा थर लागतोच. तो वगळला तर स्प्रिंग फोमला करवतीसारखी कापते. वरून कातडे कितीही भारी असो, सीट बसते ती इथेच.

फोम विकत घेताना '४० डेन्सिटी' म्हणतात, ते एका घनमीटरचे किलोत वजन. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, कडकपणाचा नाही. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि घट्टही. खाली घट्ट, वर मऊ आणि कडेच्या उंचवट्यांना सर्वांत घट्ट, असे थर चिकटवून सुरीने आकार देतात. हौसेने इंचभर जाडी वाढवली की डोके छताकडे जाते आणि पायांचा पेडलशी कोन बिघडतो. माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांनी सर्वाधिक त्रासते. गादीचे काम ही कंपने वाढू न देण्याचे आहे, नुसते मऊ लागण्याचे नाही.

मोटारीच्या आतल्या साहित्यासाठी आगीचाही नियम आहे: भारतीय मानक १५०६१ नुसार ज्योत मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. सोफ्याचा उरलेला फोम गाडीत भरणाऱ्याला हे विचारावे.

शेवटी कव्हर चढवतात. कड्या आधी मध्यभागी, मग कडांना. वर वाफ दिली की सुरकुत्या निघतात आणि दबलेला फोम फुलतो. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा बसतो, म्हणून कारागीर कव्हर मुद्दाम तंग कापतो, आणि गाडी न्यायला आलेला मालक सीट कडक झाली म्हणून कुरकुरतो.