निष्काळजीपणाचा दावा आणि अपिलाचा मार्ग

फेब्रुवारी १९५२ मधील घटना. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरासाठी असलेली शासकीय जीप दुरुस्तीनंतर परत आणली जात होती. चालकाच्या बेदरकारपणामुळे तिने पदपथावरून जाणाऱ्या एका गृहस्थास धडक दिली. तीन दिवसांनी त्यांचे रुग्णालयात निधन झाले. त्यांची पत्नी व अज्ञान कन्या यांनी २५,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा केला. खालच्या न्यायालयाने चालकास जबाबदार धरले; राज्याविरुद्धचा दावा मात्र फेटाळला. सामान्य चालकाकडून एवढी रक्कम कशी वसूल व्हावी?

त्या मायलेकींनी अपील केले. राजस्थान उच्च न्यायालयाने राज्यालाही जबाबदार ठरवून १५,००० रुपये मंजूर केले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळून हा निर्णय कायम केला. नोकराने कामावर असताना केलेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी जशी मालकावर येते, तशी ती अशा प्रसंगी शासनावरही येते, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

आज वाहन-अपघाताचे दावे स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे चालतात. परंतु पडकी भिंत, उघडा खड्डा अशा कारणांनी होणाऱ्या हानीचे दावे दिवाणी न्यायालयात येऊ शकतात. त्यांच्या निकालाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ अन्वये पहिले अपील करता येते. हुकूमनाम्याच्या तारखेपासून जिल्हा न्यायालयासाठी ३० दिवस व उच्च न्यायालयासाठी ९० दिवसांची मुदत असते. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागणारा आवश्यक काळ त्यातून वगळला जातो. म्हणून नकलेचा अर्ज विनाविलंब करावा. विलंब झाल्यास तो माफ होण्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते.

पहिल्या अपिलात वस्तुस्थिती व कायदा या दोहोंचा फेरविचार होतो. दुसऱ्या अपिलात मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही; स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते, हे संबंधित अधिकाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

अपील म्हणजे नव्याने चाललेला दावा नव्हे. नवा पुरावा अपवादानेच स्वीकारला जातो. म्हणून पंचनामा, छायाचित्रे, वैद्यकीय कागदपत्रे, पूर्वी दिलेले तक्रार-अर्ज व त्यांच्या पोचपावत्या प्रारंभीच जपून न्यायालयापुढे ठेवल्या पाहिजेत. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधिसाहाय्य मिळू शकते. ही माहिती मुदत संपण्यापूर्वी गरजूंपर्यंत पोहोचविणे, हे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना सहज करता येण्यासारखे कार्य आहे.