‘पथ्य’ या शब्दाचा अर्थ आणि गाठीचे मुरूम

भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत त्वचारोगाची चर्चा काहीशी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु रोग्याला औषध मिळण्याच्या पुष्कळ आधी शब्द मिळतात. ‘उष्णता झाली’, ‘पथ्य पाळ’, ‘पोट साफ ठेव’ हे ते शब्द होत. त्यांतून रोगाचे कारण, उपाय आणि दोष कोणाचा याचा निर्णय, अशा तिन्ही गोष्टी एकदमच सुचविल्या जातात. प्रस्तुत लेखाचा विषय या सूचनेचा अर्थ तपासणे हा आहे.

लेखास निमित्त झाले ते एका विद्यार्थिनीच्या उद्गाराचे. तिच्या गालांवर व हनुवटीवर मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी येत असत. चर्चासत्रात निबंध वाचण्याचे तिने दोनदा टाळले. विचारता कळले की, आठ महिन्यांपासून तिने आंबा, शेंगदाणे, अंडी व तळलेले पदार्थ वर्ज्य केले होते. सकाळ-संध्याकाळ ती दूध आणि गुलकंद घेत होती. वैद्यकीय सल्ला मात्र घेतलेला नव्हता. शेवटी ती म्हणाली, “एवढे पथ्य पाळूनही जात नाहीत, म्हणजे माझेच काहीतरी चुकत असणार.” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, त्यातील अनुमान मात्र निर्दोष नाही. ते अनुमान कोठून आले हे पाहावयाचे आहे.

१. रोगाची नावे

प्रथम रोगनामांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ सांगितली आहे. तरुणांच्या मुखावर येणाऱ्या या पिडकांना तेथे सावरीच्या काट्यांची उपमा दिली असून कफ, वात व रक्त ही त्यांची कारणे मानली आहेत. मराठीतील ‘तारुण्यपीटिका’ हे नावही वयाचाच निर्देश करते. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘अ‍ॅक्ने’ या संज्ञेचा इतिहास मनोरंजक आहे. सहाव्या शतकातील आमिदा येथील एटियस या वैद्याच्या ग्रंथाशी तिचा संबंध जोडला जातो, आणि मूळ ग्रीक शब्द ‘अक्मे’, म्हणजे टोक किंवा बहराचा काळ, असावा व नक्कल करणाऱ्याच्या हातून ‘म’च्या जागी ‘न’ पडला असावा, असे व्युत्पत्तिकार सामान्यतः मानतात.

या नावांत वय आहे, आकार आहे. अन्न कोठेच नाही. आधुनिक शरीरशास्त्राचे म्हणणेही त्याच दिशेचे आहे. वयात येताना अँड्रोजेन वर्गातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, रोमकूपाचे तोंड मृत पेशींनी बंद होते, आत जंतूंची वाढ होते व दाह उत्पन्न होतो. हा दाह त्वचेच्या खोल थरांत उतरला म्हणजे गाठी व पुटी तयार होतात आणि त्या बऱ्या होताना कायमचे व्रण ठेवून जातात.

बोलभाषेत मात्र नाकावरच्या काळ्या ठिपक्यापासून या खोल गाठीपर्यंत सर्वांना ‘मुरूम’ वा ‘पुटकुळ्या’ असेच म्हणतात. नाव एक असल्यामुळे उपायही एकच असावा, अशी समजूत होते. एकीला जे आपोआप बरे झाले ते दुसरीलाही तसेच बरे होईल, असे सांगणारी मैत्रीण खोटे बोलत नसते. दोघींचे मुरूम एकाच प्रतीचे नाहीत, हे शब्द तिला सांगत नाही इतकेच.

२. ‘उष्ण’ आणि ‘थंड’

आपल्याकडे अन्नाचे उष्ण व थंड असे वर्गीकरण रूढ आहे. आंबा, शेंगदाणे, गूळ, अंडी, पपई ही उष्ण. दूध, ताक, गुलकंद, उसाचा रस, सब्जा ही थंड. मुरुमांसंबंधीच्या आधुनिक आहारसंशोधनात दुसरेच वर्गीकरण वापरतात. एखादा पिष्टमय पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने चढते याचे मोजमाप म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक. डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो येथे १९८१ मध्ये तो मांडला. साखर वेगाने चढली की इन्सुलिन वाढते. त्याबरोबर इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाची क्रिया वाढते, आणि हा घटक तैलग्रंथींना चेतना देतो, असा कार्यकारणभाव सांगण्यात येतो.

ही दोन वर्गीकरणे एकमेकांवर ठेवून पाहिली असता ती जुळत नाहीत, हे वाचकांच्या तत्काळ ध्यानात येईल. गुळाच्या बाबतीत योगायोगाने मेळ बसतो. परंतु ‘उष्ण’ शेंगदाण्यांनी रक्तातील साखर फारच थोडी चढते, अंड्याने जवळजवळ नाहीच. उलट ‘थंड’ उसाचा रस आणि गुलकंद हे साखरेनेच भरलेले असतात. दुधाचा निर्देशांक कमी असला तरी त्याने इन्सुलिन मात्र त्या मानाने पुष्कळ वाढते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने ज्यांचा संशय घेण्यास थोडे कारण होते ते पदार्थ वाढविले आणि ज्यांचा संशय घेण्यास विशेष कारण नव्हते ते सोडले. ती निष्काळजी नव्हती. ज्या वर्गीकरणावर तिने भिस्त ठेवली ते या प्रश्नासाठी घडविलेलेच नव्हते.

३. पुराव्याचे वजन

तर मग नवे वर्गीकरण स्वीकारून त्यालाच पथ्य म्हणावे काय? पुरावा तितका बळकट नाही. १९६९ मध्ये फुल्टन, प्लेविग व क्लिगमन यांनी ६५ व्यक्तींवर चॉकलेटचा प्रयोग करून त्याचा परिणाम होत नाही असा निष्कर्ष काढला. तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व स्निग्धांश जवळपास तितकेच होते, हा त्या प्रयोगावरील मुख्य आक्षेप होय. २००२ मध्ये कॉर्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील १,२०० आणि पाराग्वेतील आचे जमातीच्या ११५ व्यक्तींत मुरूम मुळीच आढळले नाहीत असे नोंदविले. परंतु त्यांचा आहारच नव्हे तर आनुवंशिकता व एकंदर जीवनक्रमही वेगळा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील ४७,३५५ परिचारिकांच्या शालेय वयातील आहाराच्या आठवणींवरून दूध, विशेषतः साय काढलेले दूध, व तीव्र मुरूम यांचा संबंध दाखविण्यात आला. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, आणि आठवण म्हणजे नोंद नव्हे.

सर्वांत उल्लेखनीय प्रयोग मेलबर्न येथील स्मिथ व सहकाऱ्यांचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १५ ते २५ वर्षे वयाच्या ४३ तरुणांपैकी काहींना बारा आठवडे कमी ग्लायसेमिक भाराचा आहार दिला. त्यांचे मुरूम सरासरीने २३.५ नी घटले. इतरांचे १२ नी. परिणाम दिसला हे खरे. परंतु आहार न बदललेल्यांतही निम्मी घट झाली, आणि आहार बदललेल्यांचे वजनही उतरले. तेव्हा कशाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. शिवाय हे मुरूम सौम्य ते मध्यम प्रतीचे होते, खोल गाठींचे नव्हते. अमेरिकन त्वचारोग अकादमीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहाराविषयी शिफारस करण्यास पुरेसा पुरावा नाही असे म्हटले आहे.

४. ‘पूरक’ कशाला पूरक?

गोळ्या व भुकट्यांना आपण ‘पूरक’ म्हणतो. या शब्दात काहीतरी उणे आहे हे गृहीत धरलेले असते. जस्ताचे उदाहरण घेऊ. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रेनो व सहकाऱ्यांच्या प्रयोगात ३३२ रुग्णांपैकी काहींना रोज ३० मिलिग्रॅम जस्त व इतरांना मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दिले. तीन महिन्यांनी जस्ताने ३१.२ टक्के, तर प्रतिजैविकाने ६३.४ टक्के रुग्णांना समाधानकारक गुण आला. जस्त अगदीच निरुपयोगी नाही, पण औषधाच्या जागी ठेवण्याजोगेही नाही. आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरातील तांबे कमी होते. माशांच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांविषयी लहान प्रयोगांतून आशादायक निष्कर्ष आले आहेत, इतकेच म्हणता येते.

काही ‘पूरके’ तर उलट दिशेने काम करतात. व्यायामशाळेत घेतली जाणारी व्हे प्रथिनांची भुकटी आणि ‘शक्तीचे इंजेक्शन’ म्हणून घेतले जाणारे बी-१२ जीवनसत्त्व यांच्यामुळे मुरूम उद्भवल्याच्या किंवा बळावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अ-जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा यकृतास व गर्भास घातक ठरतात.

५. ‘पथ्य पाळणे’ आणि ‘पथ्य मोडणे’

आता मूळ शब्दाकडे येऊ. संस्कृतात ‘पथ्य’ म्हणजे मार्गास अनुकूल, हितकर. त्याचा विरोधी शब्द ‘अपथ्य’. मराठीत हा जुना अर्थ ‘पथ्यावर पडणे’ या वाक्प्रचारात टिकून आहे. परंतु ‘त्याला गोडाचे पथ्य आहे’ या वाक्यात गोड हितकर नसून वर्ज्य आहे. म्हणजे हिताचे विधान करणारा शब्द निषेधाचा झाला. त्याची सोबतीची क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. पथ्य ‘पाळतात’ आणि ‘मोडतात’, जसे व्रत पाळतात, वचन मोडतात. औषध ‘लागू पडते’ किंवा ‘पडत नाही’; तेथे कर्ता औषध असते. पथ्यात कर्ता रुग्ण असतो. औषधाने गुण आला नाही तर औषध बदलतात. पथ्याने गुण आला नाही तर रुग्णाची चौकशी होते. त्या विद्यार्थिनीच्या वाक्यातील ‘माझेच’ हा शब्द तिच्या स्वभावातून नव्हे, तर या वाक्यरचनेतून आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

यातून आहारविचार त्याज्य ठरतो असे मुळीच नव्हे. साखर, मैदा व गोड पेये कमी करून उसळी, डाळी व भाज्या वाढविणे सर्वथा हितावहच आहे. दुधाचा वा भुकटीचा संशय असल्यास बारा आठवडे ते बंद करून नोंद ठेवावी. याला ‘पथ्य पाळणे’ न म्हणता ‘करून पाहणे’ म्हणावे. करून पाहिलेल्या गोष्टीचा परिणाम दिसला नाही तर ती सोडता येते आणि त्यात कोणाचा अपराध होत नाही.

गाठीच्या मुरुमांत मात्र ही बारा आठवड्यांची परीक्षा उपचारासोबत करावयाची, उपचाराऐवजी नव्हे. अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळालेले आयसोट्रेटिनॉइन हे अशा तीव्र मुरुमांवर अत्यंत परिणामकारक औषध आहे. त्याने गर्भात गंभीर व्यंगे उत्पन्न होत असल्यामुळे, तसेच त्याच्या जोडीला अ-जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे वर्ज्य असल्यामुळे, ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीवाचून कदापि घेऊ नये. मुलींना मासिक पाळीची अनियमितता असल्यास तीही वैद्यांस सांगावी. मूळ कारण संप्रेरकांत असू शकते. गाठ जितके दिवस राहते तितकी व्रणाची शक्यता वाढते, आणि पडलेला व्रण पूर्णपणे भरून काढणे दुष्कर असते. म्हणून आठ महिन्यांच्या पथ्याची खरी किंमत खाल्लेल्या वा न खाल्लेल्या पदार्थांत नसून त्या आठ महिन्यांत आहे.

वर्गात, वसतिगृहात वा घरात असा चेहरा दिसला असता आपण काय बोलतो, याचा विचार आपण सर्वांनी, विशेषतः शिक्षकांनी, करावयास हवा. ‘काय खातेस?’ हा प्रश्न मायेचा असतो. तरीही ऐकणारीच्या कानी तो आरोप म्हणून पडतो. त्याऐवजी ‘तज्ज्ञांना दाखविलेस का?’ असे विचारावे. दोन्ही प्रश्नांत शब्द सारखेच थोडे आहेत. परंतु दुसऱ्यात अपराधाची सूचना नाही, आणि वेळही वाया जात नाही.