बम्पर बदलावा, नोंद बदलू नये

अमेरिकेत जुन्या मोटारी जतन करणे हा जसा छंद आहे, तसाच तो मोठा व्यापारही आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी दर ऑक्टोबरात जुन्या मोटारींचा मेळा भरतो आणि सुट्या भागांची देवघेव होते. अशा बाजारात चटकन नजरेत भरणारी वस्तू म्हणजे क्रोमचा झळाळता बम्पर.

बम्पर बदलण्यामागे एक इतिहास आहे. 1973च्या मॉडेलपासून तेथील केंद्रीय नियमाने असे बंधन घातले की, पुढून ताशी 5 मैल व मागून ताशी 2.5 मैल वेगाने अडथळ्यावर आदळल्यास दिवे, इंधनव्यवस्था आदी सुरक्षेचे भाग निकामी होऊ नयेत. पुढील वर्षी मागील बम्परासही 5 मैलांची अट लागू झाली. परिणामी बम्पर जड झाले, गाडीपासून पुढे आले. जुन्या सडपातळ रूपाचे चाहते म्हणूनच आधीच्या वर्षांचे बम्पर शोधतात.

हे काम वाटते तितके सोपे नाही. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशी तेल सोडावे लागते. मडगार्डांवर जाड कापड घालून दोघांनी बम्पर उतरवावा. नवा बसवताना सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवावेत, दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची व मडगार्डापासूनचे अंतर मोजावे, गरजेनुसार पातळ चकत्या घालाव्यात आणि मगच बोल्ट आवळावेत. 1973नंतरच्या अनेक गाड्यांत बम्परामागे धक्का शोषणाऱ्या, दाबयुक्त नळ्या असतात. त्यांना छिद्र पाडणे वा उष्णता देणे जिवावर बेतू शकते.

खरा प्रश्न मात्र पुढेच उभा राहतो. 1970 ते 1973 या काळातील शेव्हर्ले कमॅरोच्या ‘रॅली स्पोर्ट’ प्रकारास पुढे अखंड बम्पर नसून जाळीच्या दोन्ही बाजूंस दोन छोटे बम्पर असत. साध्या कमॅरोचा दर्शनी भाग, जाळी, दिवे व आधारपट्ट्या बदलून तिला ते रूप देता येते. मालकाने हौसेखातर तसे केले, तर त्यात काहीच गैर नाही. परंतु विकताना तीच गाडी मूळची रॅली स्पोर्ट म्हणून पुढे केली, तर ग्राहक जे नाही त्याचे मोल देतो.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक आहे ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे. मोटारीचा बम्पर असो वा आपल्या पेढीवरील माल, कसोटी एकच.

म्हणून जाणकार मालक उतरवलेला मूळ बम्पर जपून ठेवतात, बदलाची तारीख, भाग व खर्च लिहून ठेवतात आणि विक्रीच्या वेळी ती वही ग्राहकापुढे उघडी करतात. अशा गाडीला किंमत कदाचित थोडी कमी येईल. पण तो ग्राहक पुढच्या खरेदीसाठी त्याच दारी परत येईल. पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्यांना या पतीचे मोल वेगळे सांगायला नको.